सरकारी नशेची माझी बातमी

"साहेब, ह्यो पाठमोरा माणूस माझा नवरा हाय."

बेळगावातल्या आमच्या दैनिकाच्या ऑफिसात त्या बाईंनी पेपर माझ्यासमोर पसरला. त्या शहापूरच्या, नाव सुमन. नवरा-बायको दोघंही पॉवरलूमवर साड्या विणणारे. व्यसनमुक्ती केंद्रासमोरच्या रांगेचा तो फोटो मी काढलेला, बातमीही माझीच. मथळा : 'नशा सोडवायला सरकारी नशा!'

बातमी आठवड्यापूर्वीची. शहापुरातल्या त्या सरकारी केंद्रात नशेची इंजेक्शनं घेणाऱ्यांना रोज एक गोळी देत. नर्ससमोर बसून ती जिभेखाली विरघळवायची. गोळीही अफूच्याच जातीची, म्हणून या धोरणावर वाद होता. डॉक्टरांनी मला अर्धा तास समजावलं होतं, "झिंगेसाठी नाही देत. तलफ आवरते, सुई सुटते, माणूस कामाला जातो."

मी ते सगळं लिहून आणलं. चीफ सब-एडिटर म्हणाले, "डॉक्टरचं लेक्चर कोण वाचतंय रं? गोळी नशेच्याच जातीची हाय का न्हाय?"

"व्हय, पण..."

"मग तेवढंच ठेव."

मी तेवढंच ठेवलं. मथळा मात्र त्यांचा नव्हता. तो मला सुचला होता आणि मी त्यावर खूश होतो.

बातमी आली त्याच दिवशी केंद्रावर मोर्चा गेला. दोन दिवसांत कुलूप लागलं. मीटिंगमध्ये माझं कौतुक झालं. बातमीनं काही घडलं की आम्ही त्याला 'इम्पॅक्ट' म्हणतो.

"आठ म्हैनं सुई न्हवती," सुमनबाई सांगत होत्या. "फोटोतल्या शर्टावरनं मालकानं वळखलं, मागावरनं उठवलं. गोळी बंद. परवा परत सुई घेतली त्यांनी."

"आपण खुलासा छापू."

"फोटो काढताना तुमी त्यांना काय इचारलं हुतं का?"

"नाही."

त्या पेपर तिथंच टाकून गेल्या. मला त्यांना 'बसा' म्हणायचंही सुचलं नव्हतं.

खुलासा आला, सातव्या पानावर, चार ओळींचा. दोन महिन्यांनी केंद्र शहराबाहेर, मच्छे गावात परत सुरू झालं. ते सांगायला मी शहापुरात गेलो. सुमनबाईंनी माग थांबवला नाही. मागाच्या खडखडाटातच म्हणाल्या, "ठावं हाय. त्यांना लई सांगून बघितलं. तितं फोटू काढत्यात म्हणून येत न्हाईत."

रांगेतल्या एकाशीही न बोलता रांगेची बातमी करता येते. मी केली होती, आणि तिच्यात एकही वाक्य खोटं नव्हतं.