सातवा घाव

मामाला गल्ली घण्या म्हणायची. चाळीस वर्षं त्याने ऐरणीवर घण चालवला. त्याच हाताने त्याने मेव्हण्याला जिन्यावरून खाली फेकलं होतं, कारण तो बहिणीवर हात उचलायचा. तेव्हापासून मायलेकी मामाकडेच राहिल्या.

भाची जॅझ गायची. शब्द नाहीत, नुसता गळा. गुरगुरणं, धापा, मध्येच कापत गेलेली तान. नव्या अल्बमसाठी तिला ड्रम नको होता, घण हवा होता.

"सात घाव मार, मामा. मधल्या जागेत मी गाते."

"पोलाद चार घाव खातं. मग थंड पडतं, परत भट्टी दाखवावी लागते."

"सात."

भट्टी स्टुडिओच्या मागच्या अंगणात पेटवली. लाल पहार सांडशीत धरून तीस पावलं आत आणायची, भिंतींना गाद्या मारलेल्या रेकॉर्डिंगच्या खोलीत ऐरणीवर ठेवायची. दोनदा मामा चौथ्या घावाला थांबला. तिसऱ्यांदा भाचीने डोळे वटारले आणि तो मारत राहिला. सातव्या घावाला तुकडा उडाला आणि तिच्या डाव्या डोळ्यात घुसला. ती किंचाळली, किंकाळी सुरात ओढून तिने तान पुरी केली, मग कोसळली. माइकच्या दांड्यावरून रक्त खाली उतरलं.

डोळा गेला. "पोलादच सडकं निघालं," मामा म्हणायचा. भाचीही लोकांना तेच सांगायची.

अल्बम आला. समीक्षकांनी डोक्यावर घेतला. एकानेच लिहिलं, 'सातवा घाव खोटा आहे.'

मामा तडक वर्तमानपत्राच्या कचेरीत गेला. त्या समीक्षकाला गचांडी धरून उचललं आणि कपाटावर आपटलं. काच फुटली.

"पोरीचा डोळा गेला त्या घावात. खोटा म्हणतोस?"

समीक्षकाच्या नाकातून रक्त ओठावर आलं होतं. "पहिले तीन घाव भरीव आहेत. चौथ्यापासून आवाज कोरडा होत गेला. सातवा तर नुसता खणखणतो. मारणाऱ्याला कळलं नसेल?"

मामाने त्याची गचांडी सोडली.

घरी भाची भांडी घासत होती. तो तिच्यासमोर उभा राहिला.

"पोलाद चांगलं होतं. थंड झालं होतं, म्हणून तुकडा उडाला. चौथ्यालाच कळलं होतं मला."

तिने हात पुसले आणि खांद्यातून ताकद लावून त्याच्या थोबाडीत दिली. कुठे कुचराई नाही. त्याचा दात हलला.

"अजून?" त्याने विचारलं.

"पुरे. बस, ताट वाढते."