पोस्टासमोरची म्हातारी

निपाणीच्या स्टँडवर बेळगावची मोटार सुटायला दहा मिनिटं होती आणि आप्पा ड्रायव्हरला सांगत होते, "जरा जपून ने, पोरगी पहिल्यांदाच चाललीय." जणू बंगळूरपर्यंत तोच मला नेणार होता. आई पदराने डोळे पुसत होती. आप्पा रडले नाहीत, पण त्या दिवशी ते फार बोलले. मोटार हलली तेव्हाही खिडकीबरोबर चालत काहीतरी सांगत होते. इंजिनाच्या आवाजात ते शेवटचं मला ऐकू आलं नाही. पुढे कितीदा विचारलं, तर म्हणायचे, "आता कुठलं आठवतंय."

राज्यांची नवी रचना होऊन आमची निपाणी म्हैसूर राज्यात गेली होती, आणि माझ्यासारख्या मॅट्रिक होऊन टायपिंग शिकलेल्या मुलींना पुण्या-मुंबईऐवजी बंगळूर दिसायला लागलं होतं. एका सरकारी कचेरीत मला टायपिस्टची जागा मिळाली. कानडी येत होती, पण ती निपाणीच्या बाजारातली, वाक्यागणिक 'री' लावायची. इथल्या मुली तोंडावर रुमाल धरून हसायच्या. मराठीत मी अडेन असं मात्र वाटलं नव्हतं. बसवनगुडीत ज्या गंगक्कांकडे मी खोली घेतली, त्यांचं घराणं दोन-तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं. मराठी त्यांची घरची भाषा, पण पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "स्वल्प बैस गं. ऊट झालं की नाही?" मी जेवले होते. तरी मराठी वाक्यातलं ते 'ऊट' म्हणजे कानडीतलं जेवण, हे ताट समोर आल्यावरच माझ्या ध्यानात आलं. त्यांना माझी मराठी पुस्तकातली वाटायची, मला त्यांची मोडकी.

आप्पा तंबाखूच्या वखारीत कारकून होते, पण गावात त्यांची ओळख प्रॉम्प्टर म्हणून. हौशी मंडळींच्या प्रत्येक नाटकाला ते विंगेत पुस्तक धरून उभे असायचे. पाच अंक, तीसेक पदं, सगळं पाठ. म्हणून इथल्या मराठी मंडळात 'नाटक आहे' असं समजल्यावर मी धावतच गेले. पाहते तर दोन खुर्च्या, एक टेबल, मागे साधा निळा पडदा. पेटी नाही, पदं नाहीत. एक नवरा-बायको अर्धा तास घराच्या किल्लीवरून बोलत राहिली आणि दिवे गेले. मला वाटलं वीज गेली. लोक टाळ्या वाजवू लागले तेव्हा समजलं, नाटक संपलं.

मी आप्पांना लिहिलं. त्यांचं कार्ड आलं: "अर्ध्या तासात संपतं ते नाटक कसलं? तेवढ्यात आमची पेटी सुरात लागते."

पण ती किल्ली आठवडाभर डोक्यातून जाईना. त्या बाईने ती शेवटी टेबलावर ठेवली, नवऱ्याच्या हातात दिली नाही. का? पुढच्या महिन्यात मी पुन्हा गेले. दिवाळी अंकांमधून नव्या लेखकांच्या एकांकिका यायच्या, रविवारी मंडळात त्यांचं वाचन व्हायचं. या नाटकांत राजे नव्हते, कारकून होते. स्वगतं नव्हती, मध्येच तुटलेली वाक्यं होती. आमच्या घरीही माणसं अशीच बोलायची, अर्धं बोलून उठून जायची. परक्या गावात बसून मला आईचं ते उठून जाणं दिसायला लागलं. दर वाचनानंतर मी आप्पांना चार-चार पानं लिहू लागले.

गंगक्कांना दोन मुलगे. थोरला लष्करात गेला, वर्षभर पत्रं आली, मग थांबली. धाकटा वेंकट कारखान्यात फिटर होता आणि कुणाला न सांगता लिहायचा. एके दिवशी त्याने मंडळात एक एकांकिका दिली. पोस्टासमोरच्या बाकावर एक म्हातारी बसलेली असते. लिहिता येत नाही म्हणून शेजारच्या अनोळखी माणसाला ती मुलासाठी पत्र सांगते. तो लिहीत जातो. शेवटी तो पत्ता विचारतो, आणि म्हातारीकडे पत्ताच नसतो. एवढंच.

मंडळाच्या कार्यवाहांना ती आवडली. ते म्हणाले, "नाटक उत्तम आहे, पण भाषा शुद्ध करून घ्या. पुण्याचे पाहुणे यायचे आहेत." माझं अक्षर बरं, म्हणून नकला करायचं काम माझ्याकडे असायचं. शुद्ध करायचं कामही माझ्याकडेच आलं, आणि खोटं कशाला सांगू, मला अभिमान वाटला. वेंकटच्या म्हातारीचं वाक्य होतं, "सुम्मने बसलीये बघ. बेगा ये. ऊट करून येऊ नको, इथंच कर." मी लिहिलं, "मी उगीच बसून आहे. लवकर ये. जेवून येऊ नकोस, घरीच जेव." वेंकटने नक्कल वाचली, पानं सारखी केली आणि परत दिली.

तालमीला मी गंगक्कांना बरोबर नेलं. त्यांना नाटकाबद्दल काहीच माहीत नव्हतं. त्या शेवटपर्यंत नीट बसून राहिल्या. घरी येताना म्हणाल्या, "चांगलं आहे गं. पण ती म्हातारी कुणाच्या घरची? असं कुणी मुलाला बोलवतं?"

त्या रात्री मी वेंकटचे मूळ कागद पुन्हा वाचले, आणि त्यातली म्हातारी गंगक्कांसारखीच बोलत होती. दुसऱ्या दिवशी मी कार्यवाहांना सांगितलं, मूळ भाषाच ठेवा. ते चिडले नाहीत, पण म्हणाले, "आमच्या बायकांना ती बोलायला जमणार नाही. तुम्ही उभ्या राहत असाल तर बघा." मी जन्मात रंगमंचावर पाय ठेवला नव्हता. 'हो' म्हटलं. तीन आठवडे मी गंगक्कांच्या स्वयंपाकघरात बसून त्यांचं बोलणं ऐकलं. वाक्याच्या शेवटी आवाज कुठे खाली येतो, 'सरी', म्हणजे 'बरोबर', म्हणताना मान कशी हलते, सगळं.

त्याच दिवसांत आप्पांचं पत्र आलं. कोल्हापूरचं स्थळ होतं, मुलगा शिक्षक. "नोकरी सोडावी लागेल, मी न्यायला येतो." दोन वर्षं 'घरी ये' या ज्या निरोपासाठी मी रात्री रडले होते तो आला, आणि मला काय वाटतंय तेच मला उमजेना. आप्पा आले ते नेमके प्रयोगाच्या दिवशी. तिसऱ्या रांगेत, गंगक्कांच्या शेजारी बसले.

मी बाकावर बसले. "सुम्मने बसलीये बघ," म्हटलं आणि पुढचं कुणी वदवून घेतल्यासारखं येत गेलं. पत्ता विचारल्यावर म्हातारी नुसती त्या माणसाकडे बघते. मी त्याच्याऐवजी प्रेक्षकांत बघितलं. गंगक्का ताठ बसल्या होत्या. दिवे गेल्यावरही त्या उठल्या नाहीत. वेंकट त्यांच्यापाशी जाऊन उभा राहिला. त्या एवढंच म्हणाल्या, "सरी लिहिलंस."

दुसऱ्या दिवशी स्टेशनावर, आम्ही गाडीत बसल्यावर आप्पांनी विचारलं, "काल विंगेत पुस्तक कुणी धरलं होतं?"

"कुणीच नाही, आप्पा."

"मला तेच वाटलं," ते म्हणाले. "तुला आता शब्द सांगायला कुणी लागत नाही. कोल्हापूरला मी नाही म्हणून कळवतो."

मी खाली उतरले, गाडी गेली आणि मी राहिले. आपल्या मनाजोगतं होऊनही माणसाला इतकं रडू येतं, हे मला माहीत नव्हतं.

त्यानंतर आप्पांच्या कार्डांत एकच मागणी असायची: "नवीन काय पाहिलंस? थोडक्यात नको, सविस्तर लिही." मी लिहीत राहिले. लग्न मी पुढे इथेच केलं, आप्पांनी येऊन अक्षता टाकल्या. वेंकटने आणखी बरंच लिहिलं. गंगक्कांच्या थोरल्याचं पत्र मात्र शेवटपर्यंत आलं नाही.

गेल्या वर्षी आप्पा गेले. त्यांच्या दिवसांना मी निपाणीला गेले तेव्हा वखारीचे हमाल, मापाडी, शेजारचे शिंपी असे भेटायला येत होते. एक म्हातारे मापाडी मला म्हणाले, "बाई, त्या पोस्टासमोरच्या म्हातारीला पुढं पत्ता मिळाला काय?" तुम्हाला ती कशी ठाऊक, असं मी विचारलं. मग त्यांनी सांगितलं. माझं पत्र आलं की आप्पा सुट्टीच्या वेळी वखारीच्या कट्ट्यावर बसून ती नाटकं करून दाखवायचे. सगळ्यांचे आवाज एकटेच काढायचे. जन्मभर विंगेत उभा राहिलेला माणूस, माझी पत्रं हातात घेऊन उजेडात आला होता, आणि मला त्यांनी ते कधी कळवलं नाही.

हे मी तुम्हा वखारीच्या कट्ट्यावरच्या मंडळींसाठी लिहिते आहे, आणि इथे बंगळुरात माझ्यासारख्या येऊन राहिलेल्यांसाठीही. परवा मंडळात कॉलेजातल्या एका मुलीची एकांकिका झाली. दोन बहिणी एकच साडी घडी करत असतात, एवढंच. चालत घरी येताना मी आप्पांना लिहायचं पहिलं वाक्य मनात जुळवलं, आणि मग आठवलं. तरी वाक्य पुरं केलं. निपाणीचं घर भावाचं झालं, बसवनगुडीतलं माझं आहे. पण पाहिलेलं ज्याला सांगावंसं वाटतं, तो जिथे बसलेला असेल तिथेच माझं मन आधी जातं. तुमच्यापैकी कुणी वाचून दाखवणारा असेल, तर कळवा. त्या दोन बहिणींचं मी सविस्तर लिहून ठेवलं आहे.