सौनातलं पीठ

पैसे भरायचे, दुसऱ्याच्या घरी जाऊन स्वयंपाक आपणच करायचा, भांडी आपणच घासायची आणि निघताना ते घर आधीपेक्षा लख्ख करून द्यायचं, याला जर्मनीत सुट्टी म्हणतात. असल्या घराला फेरिएनहाउस म्हणतात आणि ते महिनोन्‌महिने आधी मिळवावं लागतं!

गेल्या ऑक्टोबरात आम्ही आल्गॉयच्या डोंगरात असं एक घर घेतलं. खिडकीत हिरवं कुरण, कुरणात गायी, मागे बर्फाची शिखरं. पुण्याहून आलेल्या सासूबाईंनी हे सगळं डोळे भरून पाहिलं आणि विचारलं, "छान आहे हो. पण इथे जेवण कोण देतं?"

"कोणी नाही, आई. आपलं आपण करायचं."

"म्हणजे मंजूनं करायचं!"

मंजू म्हणजे त्यांची मुलगी मंजिरी, म्हणजेच माझी बायको. मला हा टोमणा असा झोंबला, की मी तिथल्या तिथे जाहीर केलं, "सुट्टीभर मंजिरी स्वयंपाकघरात पाऊल टाकणार नाही. सगळं मी करणार! रविवारी नाश्त्याला इडल्या!"

"तुम्ही?" सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. (सासऱ्यांनी पाणी आणून दिलं. ते बोलत नाहीत. त्यांना कधी गरजच पडलेली नाही.)

आता इभ्रतीचा प्रश्न होता. मी इंगोलश्टाटला गाड्यांच्या कूलिंगचा इंजिनिअर आहे. इंजिन किती तापू द्यायचं ते मी ठरवतो, मग मला इडलीचं पीठ फुगवता येऊ नये? मिक्सर, इडलीपात्र, कुकर सगळं गाडीत घातलेलंच होतं. (शेजाऱ्यांनी "घर बदलताय का?" असं काळजीनं विचारलं होतं.) शुक्रवारी संध्याकाळी मी पीठ वाटून स्टीलच्या डब्यात भरून ठेवलं.

शनिवारी सकाळी सासूबाईंनी झाकण उघडलं. "निखिलराव, हे मेलं ढिम्म हललेलं नाही."

"थंडी आहे ना, आई!"

"मग? हवा काय पाहुण्यांसाठी बदलणार आहे?"

खरंच, त्या दगडी घरात माझीच बोटं बधिर झाली होती. पीठ बिचारं काय फुगणार! तेवढ्यात मला आठवलं, तळघरात सौना आहे! घाम काढत बसायची लाकडी खोली, विजेची शेगडी, तिच्यावर रचलेले दगड आणि भिंतीवर तापमानाचं बटण. म्हणजे पीठ आंबवायची खोलीच की! मी बटण सगळ्यात खाली ठेवलं, डबा बाकावर मांडला, ढवळायला आत डाव ठेवला आणि शीळ घालत वर आलो.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. आमचे घरमालक हेर (म्हणजे श्रीयुत) श्टाडलर शेजारीच राहायचे. आल्या दिवशी त्यांनी गावच्या बोलीत आम्हाला बरंच काही सांगितलं होतं. मला त्यातलं अर्धंही कळलं नाही. पण इतकी वर्षं इथे काढल्यावर "कळलं नाही" म्हणायची लाज वाटते हो! त्यामुळे मी प्रत्येक वाक्याला मान डोलावून "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे "अगदी बरोबर", म्हणत होतो. शनिवारी दुपारी सौना त्यांचा असतो, हे त्या बोलण्यात होतं म्हणे.

जेवण झाल्यावर सासूबाई माझं पीठ किती फसलंय ते बघायला गुपचूप तळघरात गेल्या आणि दोन पायऱ्या एकदम चढत वर आल्या.

"निखिलराव! खाली एक नागडा म्हातारा आपलं पीठ दगडांवर ओततोय!"

मी धावलो. माझ्यामागे सासरे, त्यांच्यामागे हसू दाबत मंजिरी. सौनाचं दार उघडताच गरम वाफेचा लोट अंगावर आला. शेगडी पूर्ण चढवलेली. आत हेर श्टाडलर घाईघाईनं कमरेला टॉवेल गुंडाळत होते. एका हातात आमचा डाव. छातीला, तोंडाला, गुडघ्यांना पीठ!

"इंडिशर आउफगुस!" ते आनंदानं ओरडले. "वुंडरबार!"

आउफगुस म्हणजे सौनाच्या तापल्या दगडांवर डावानं सुगंधी पाणी ओतायचं. इथे ते अगदी मनोभावे करतात. तापलेला सौना आणि त्यात डावासकट पांढरं पातळ काहीतरी ठेवलेलं बघून भल्या माणसाला वाटलं, भारतीय पाहुण्यांनी आपल्यासाठी खास सोय करून ठेवलीय!

"इतक्या वर्षांत कुठल्याही पाहुण्यानं माझ्यासाठी असं केलं नाही," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. (किंवा डोळ्यांत पीठ गेलं असेल.) "आयुर्वेदा?"

आता या माणसाला कुठल्या तोंडानं सांगू, की बाबा रे, तो आमचा नाश्ता आहे?

"हो," मी म्हणालो. "गेनाऊ."

खूश होऊन त्यांनी आणखी एक डाव दगडांवर ओतला. चर्र झालं, गोल पसरलं, कडा सुटू लागल्या आणि खमंग वास दरवळला. आणि आल्यापासून एक अक्षर न बोललेले माझे सासरे जिन्यावरून कळवळून ओरडले,

"अहो, उलटा तो! करपेल!"

हेर श्टाडलरना मराठी येत नसल्यामुळे तो करपला. उरलेलं पीठही दगडांवर गेलं.

रविवारी सकाळी मी तळघरात तारेच्या घासणीनं दगड खरवडत होतो. वर सासूबाई विजयी मुद्रेनं पोहे परतत होत्या. मंजिरी गायी बघत कॉफी पीत होती. तिनं स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही, हे कोणी माझ्या खात्यावर धरायला तयार नव्हतं!

पोहे ताटलीत पडतायत तोच हेर श्टाडलर अंडी आणि चीज घेऊन दारात हजर. ते मंजिरीला भरभरून काहीतरी सांगू लागले. मध्येच त्यांनी दोनदा उठाबशा काढून दाखवल्या.

"काय म्हणतोय गं हा?" सासूबाईंनी विचारलं.

"निखिलचं पीठ लावल्यापासून त्यांची गुडघेदुखी थांबलीय म्हणे."

लग्नानंतर प्रथमच सासूबाईंनी माझ्याकडे आदरानं पाहिलं.

"निखिलराव, कसब आहे हो तुमच्या हाताला! फक्त ते पोटात घ्यायचं नाही, वरून लावायचं!"

तेव्हापासून घरी मी नुसते तांदूळ भिजत घातले तरी मंजिरी काळजीनं विचारते, "काय दुखतंय?"