तुलारामने विचारलेली तिसरी गोष्ट

आंधळगावचा तुलाराम कोशाचं रेशमी कापड विणायचा आणि विणता विणता गप्पांचा फड रंगवायचा. डॉक्टरपुढे मात्र त्याची बोबडी वळायची. पंच्याऐंशी साली त्याचं डोकं फिरलं होतं. पंधरा दिवस झोप नाही, भर बाजारात उभं राहून भाषणं! भंडाऱ्याच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी तो ताळ्यावर आला. दर महिन्याला थोरला भाऊ लक्ष्मणराव त्याला एसटीने घेऊन जायचा आणि सगळं स्वतःच सांगायचा, "झोपते बरोबर, जेवते बरोबर." चिठ्ठी हातात पडली की दोघं बाहेर.

पण तुलारामचे हात थरथरायचे, मागावर धागा तुटायचा. एकदा गोळ्या देताना कुसुमताई नर्सने ते पाहिलं.

"हे डॉक्टरले सांगितलं का?"

"दादानं सांगितलं असन."

"हात दादाचे आहेत का? पुढच्या खेपेले तीन गोष्टी ठरवून ये. तूच सांग."

घरी बायको बेबीबाई डॉक्टर होऊन पाटावर बसली. "बोला, काय त्रास आहे?"

"हात थरथरते."

"मंग बिडी सोडा!"

"अवं, डॉक्टर असं म्हणन का?"

"मी असती त हेच म्हटलं असतं!"

दोघं पोट धरून हसले. हात ही पहिली गोष्ट, सकाळची गुंगी ही दुसरी. तिसरी मात्र त्याने बायकोलाही सांगितली नाही.

ठरल्या दिवशी त्याने दोन गोष्टी धडाधड सांगितल्या आणि तो अडला. लक्ष्मणरावाने तोंड उघडलं.

"थांब दादा," तुलाराम म्हणाला. मग खाली मान घालून त्याने विचारलं, "डॉक्टरसाहेब, ते परत होईन का?"

डॉक्टरांनी पेन ठेवलं. "होऊ शकतं. पण आधी झोप उडेल. दोन रात्री डोळा लागला नाही, की लगेच इकडे या." त्यांनी गोळीही कमी केली.

स्टँडवर चहा पिताना लक्ष्मणराव हळूच म्हणाला, "तुले आठवून त्रास होईन, म्हणून मीच बोलत होतो रे."

"मनात ठेवून जास्त होत होता, दादा."

महिनाभरात हातांची थरथर बरीच थांबली. पुढच्या खेपेला लक्ष्मणराव बाहेर बाकावरच बसला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐटीत सांगू लागला, "आत माझा भाऊ बोलून राहिला."