पहिलं बक्षीस मिळालेला कॅक्टस

लॅबचा रिपोर्ट माझ्या खिशात होता आणि गायकवाड माझ्यासाठी चहा ओतत होते. हर्सूलला त्यांच्या गच्चीवर कॅक्टसच्या दोनेकशे कुंड्या. वाळूजला फिटर म्हणून नोकरी झाली, रिटायर झाल्यावर माणूस यातच रमलेला.

"काय निघालं, सर?"

"व्हायरस. कॅक्टसवरचाच. औषध नाही त्याला."

हा व्हायरस झाडाच्या रसातून पसरतो. आजारी झाड कापलेल्या ब्लेडने दुसरं कापलं की तेही गेलं. कलमात तर रसाला रस भिडवायचाच असतो.

"पण आला कुठून?"

मी कोपऱ्यातल्या कुंडीकडे बोट दाखवलं. ती कुंडी मी ओळखत होतो. गेल्या वर्षी ती कॅक्टसच्या प्रदर्शनात आली तेव्हा मी परीक्षक होतो. कृषी महाविद्यालयात जन्मभर झाडांचे रोग शिकवलेला माणूस, आणि त्या फिकट पिवळ्या नक्षीवर भाळलो. मला ते व्हेरिगेशन वाटलं, म्हणजे झाडाचा उपजत दुरंगीपणा. त्यात रंगांच्या कडा बहुधा स्पष्ट असतात. इथं त्या पुसट होत्या. खिशात लेन्स होती, पण आयोजकांची घाई चाललेली. मी पहिलं बक्षीस दिलं आणि वर माइकवरून सांगितलं, "दुर्मीळ आहे. वाढवा याला."

गायकवाडांनी वाढवलं. वर्षभर एकाच ब्लेडने कलमं केली, मित्रमंडळींना वाटली.

"मग हे वाढवायचं नव्हतं व्हय, सर?"

आवाजात राग नव्हता. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"ते ब्लेड लागलेली सगळी झाडं जाळावी लागतील," मी म्हणालो.

त्यांनी गच्चीवर एकदा नजर फिरवली. "सगळ्यांनाच लागलंय की ओ ते. लई जुनी हायेत यातली."

गच्ची त्यांनी दोन दिवसांत रिकामी केली. मग मोटरसायकलवर पोतं बांधून घरोघरी वाटलेली रोपं गोळा करत फिरले. आठवड्याने रोप घेतलेल्यांपैकी एका बाईंचा मला फोन आला.

"सर, गायकवाडकाका रोप परत घेऊन गेले. म्हणाले, माझ्याच चुकीनं रोग पसरला. खरं का?"

मी म्हणालो, "रोप परत दिलंत ते चांगलं केलंत."

चूक माझी होती, हे सांगायला तेवढेच शब्द लागले असते. त्याची लाज अजून वाटते.

आता प्रदर्शनात गेलो की आधी लेन्स काढतो. माइक कुणी पुढे केला तर घेत नाही.