आबांच्या गायीचं दूध

भांडगावचं महिला दूध संकलन केंद्र बंद करायच्या आदेशावर फक्त माझी सही राहिली होती.

मी डेअरीचा प्लांट मॅनेजर. दुधाचा एसएनएफ घसरला होता. दुधातलं पाणी आणि फॅट सोडून जे घट्ट उरतं, तो एसएनएफ. तो कमी लागला की पहिला संशय एकच, कुणीतरी पाणी घालतंय. प्लांटच्या टाकीत सगळ्या गावांचं दूध एकत्र होतं, म्हणून चौकशीला कमिटी नेमली. आम्ही चौघं. सगळे कवठे येमाईकडचे, एकमेकांचे पाहुणे, नात्यातले. डेअरीचे चेअरमन आबा म्हणाले, केंद्र नवीन, बायका नवख्या, तिथंच गडबड असणार. आम्ही माना हलवल्या. नमुने घेतले तेही फक्त भांडगावचे. एसएनएफ कमी निघाला. झालं सिद्ध.

केंद्राच्या अध्यक्ष संगीताताई प्लांटवर आल्या. आवाज चढवला नाही.

"साहेब, तुम्ही चौघंबी एका पंगतीतले. आमच्या बाजूनं इचारणारं कोण हाय कमिटीत?"

केंद्र बंद झालं असतं, तर त्या बायकांवर पाणी घालणाऱ्या म्हणून कायमचा शिक्का बसला असता. मी सही थांबवली. आबांचा राग पत्करून संगीताताईंना कमिटीत घेतलं, आणि दौंडहून येणाऱ्या आमच्या लॅब केमिस्ट रुबीनालाही.

नव्या कमिटीच्या पहिल्याच मीटिंगला रुबीनानं विचारलं, बाकी गावांचे नमुने कुठं आहेत? ते आम्ही घेतलेच नव्हते. संगीताताई म्हणाल्या, नमुना केंद्रावर नको, गोठ्यात समोर धार काढून घ्या. आबा तोऱ्यात म्हणाले, माझ्याच गोठ्यापासून सुरू करा.

आबांच्या गायीची धार आमच्या देखत निघाली. एसएनएफ भांडगावइतकाच कमी.

"आबा, तुमची गाय कवापासून पाणी घालाया लागली?" संगीताताईंनी विचारलं.

आबांनी गायीच्या पाठीवर हात फिरवला. "नुसतं वाढं खाऊन दुसरं काय देणार ती."

गावोगाव तेच निघालं. कडक ऊन, हिरवा चारा संपलेला, जनावरं उसाच्या वाढ्यावर, म्हणजे शेंड्याच्या पाल्यावर. खुराक सुधारला, एसएनएफ सावरला. भांडगावचं केंद्र आज जोरात चालू आहे.

नोकरीत मशिनरी पुष्कळ बसवली. अभिमान मात्र त्या न केलेल्या सहीचा आहे. तरी आबांनी भांडगावचं नाव घेतलं तेव्हा सगळ्यात आधी मान हलवली होती ती मीच, हे आजवर कुणाला बोललो नव्हतो.

आता कमिटीत लगेच एकमत झालं की मी विषय पुढं ढकलतो, आणि आमच्या पाहुण्यांत नसलेलं एखादं माणूस बोलावतो. चहा एक कप जास्त लागतो, एवढंच.