सव्वा भाकर

आमच्या आईला हॉटेलात जेवायला न्यायचं असं बाबांनी ठरवलं ते नेमकं चातुर्मासात. दुसरा कुणी असता तर कार्तिकी एकादशीपर्यंत थांबला असता. पण बाबा पडले शाळामास्तर. एकदा डोक्यात घेतलं की मग ब्रह्मदेव आला तरी ऐकायचे नाहीत. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते, आम्ही डोणगावात राहत होतो आणि मी बारा वर्षांची होते.

ठरवण्याला कारण होतं. त्या पावसाळ्यात आईला हिवताप आला. अंगात ताप असतानाही ती चुलीपाशी बसलीच. शाळा लवकर सुटली म्हणून बाबा घरी आले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर टेकले. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती, पण आईचं रांधणं सुरुवातीपासून शेवटापर्यंत त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं असावं. पहिली भाकर त्यांना, मग माझ्या दोघा भावांना, मग मला. सगळ्यांचं झाल्यावर तिनं विस्तव विझवला, चूल सारवली, आणि मग गार झालेली भाकर घेऊन ती भिंतीकडे तोंड करून बसली.

"अवं, तव्यावरची गरम भाकर तू कधी खाल्ली?" बाबांनी विचारलं.

आईला हसू आलं. "रांधनारीले गरम कोन वाढन? माहेरी खाल्ली असन, लहानपनी."

बाबांनी ते डोक्यात घेतलं. दोन दिवसांनी त्यांनी जाहीर केलं की, येत्या बाजाराच्या दिवशी शाळेला सुट्टी आहे, धाकट्यांना शेजारी ठेवायचं, आणि आपण मेहकरला जेवायला जायचं. आईनं बसून खायचं, दुसऱ्यानं रांधलेलं आणि गरम.

डोणगावात हॉटेल होतं, पण ते चहा-भज्यांचं, आणि बाईमाणूस तिथं पायरी चढत नसे. मेहकरला बाजाराजवळ एक खानावळ होती. कचेरीतले कारकून आणि एकटे राहणारे मास्तर तिथं महिन्याच्या बोलीनं जेवत. बाबा कामानिमित्त गेले की तिथंच जेवायचे आणि घरी येऊन तिथल्या फुलक्याचं वर्णन करायचे. म्हणे तो ताटात पडतो तोवर फुगलेलाच असतो. आई ऐकून घ्यायची. भाकरीच्या घरात फुलक्याचं कौतुक किती ऐकायचं, हे तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असायचं.

"चातुर्मास हाय ना," आई म्हणाली.

चातुर्मासात आमच्याकडे कांदा, लसूण, वांगं बंद असे. तेवढं तर घरोघर होतं. पण आईनं त्या वर्षी वर आणखी एक नेम धरला होता, मौनाचं जेवण. पहिला घास तोंडात गेल्यापासून चूळ भरेपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही. बोललं तर ताटावरून उठायचं. आणि पानात काही टाकायचं नाही, शीतसुद्धा. मला हा नेम मुळीच आवडत नसे. तिच्या समोर बसून काही विचारावं तर ती नुसती मान हलवायची, आणि मला उगाच कुणीतरी रुसल्यासारखं वाटायचं.

"सांगून ठेवतो मी खानावळवाल्याले," बाबा म्हणाले. "कांद्या-लसनाचा वासही येनार नाही तुह्या ताटाले. आन् मौन धर ना खुशाल. तुले फक्त खायाचं हाय, भाषन थोडंच द्याचं हाय?"

शेजारणींना कळलं तेव्हा पहिला प्रश्न आला की, तिथं रांधते कोण? म्हणजे कुठली, कोणत्या जातीची. तो प्रश्न तेव्हा सगळेच विचारत, कुणाला त्यात वावगं वाटत नसे. आई म्हणाली, "मी नाही रांधत, एवढं पुरे हाय मले." तिला जायचं होतं, हे मला तेव्हा कळलं. तिनं ठेवणीतलं हिरवं लुगडं आदल्या दिवशीच काढून उशाखाली दाबून ठेवलं होतं.

मेहकरला एसटीच्या मोटारीतून उतरल्यावर बाबांनी आम्हाला बालाजीच्या देवळात बसवलं आणि स्वतः खानावळीत जाऊन आले. येताना छाती पुढे काढून आले. मालक म्हणाला होता, "बिलकुल फिकर करू नका मास्तर, अलग बंदोबस्त करतो." बाबांचा 'अलग' या शब्दावर फार विश्वास बसला. इथं एक सांगायला हवं, की तो मालक काही वाईट माणूस नव्हता. बाजाराचा दिवस होता, खेड्याखेड्यांतून माणसं आलेली, तो तोंडभरून हो म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकात विसरून गेला.

दुपारी आम्ही जाऊन बसलो. लांब बाकं, लांब टेबलं, आणि सगळे पुरुष. आई पदर सावरून भिंतीच्या कडेला बसली, मी तिच्या शेजारी, बाबा समोर. लसणाच्या फोडणीचा असा घमघमाट सुटला होता की माझ्या तोंडाला पाणी सुटलं. घराबाहेर बाबा चातुर्मास पाळत नसत, म्हणून माझ्या आणि त्यांच्या ताटात वांग्याचा लालभडक रस्सा आला, वरण आलं, आणि मालकानं स्वतः फुलके आणून टाकले. खरंच फुगलेले होते. मी बोट लावलं तर भस्सकन वाफ आली. आईनं ती वाफ पाहिली. मग ती आतल्या दाराकडे बघत बसली, हात मांडीवर ठेवून, आपली पाळी येईल तेव्हा येईल अशा बेतानं.

मालक आत गेला, बराच वेळ आला नाही. आला तो आईचं ताट घेऊन. त्या ताटात एक ज्वारीची भाकर होती, तिच्यावर एक चतकोर, बाजूला दोडक्याची सुकी भाजी, आणि चिमूटभर दोडक्याच्या शिरांची चटणी. सगळं गार. भाकरीला तर कडेनं वारा लागलेला.

एवढं लुगडं नेसून, एवढ्या लांब येऊन, घरच्यासारखीच गार भाकर! मला मालकाचा राग आला, पण त्याहून जास्त आईच्या नेमाचा आला. हौस करायला आणलं तर हिचं हे चालत नाही, ते चालत नाही. बाबांचा चेहरा पडला होता. पण 'कांदा-लसूण नाही ना?' एवढंच त्यांनी विचारलं, आणि मालकानं देवाची शपथ घेतली. आईनं ताटाभोवती पाणी फिरवलं, हात जोडले आणि पहिला घास घेतला.

दुसरा घास चटणीचा होता, आणि तिथं ती थांबली.

दोडक्याच्या शिरा खानावळीत कुणी ठेवत नाही, उकिरड्यावर जातात. त्या काढून, तिळाबरोबर परतून, वाटून ठेवणं हे आपल्यापुरतं रांधणाऱ्या बाईचं काम. आणि खानावळीत एक भाकर वाढतात, दोन वाढतात, चतकोर कुणी वाढत नाही. सव्वा भाकर ही कुणाची तरी मोजलेली भूक होती. हे मला आईनं पुढे समजावलं. त्या क्षणी मला एवढंच दिसलं की तिनं आतल्या दाराकडे पाहिलं, मग बाबांकडे, आणि डाव्या हातानं ताटाकडे दाखवून खूण केली.

बाबांना वाटलं, तिला आवडलं. "अजून आना जी, भाकर आना!" ते ओरडले.

"तेवढंच व्हतं मास्तर," मालक तिकडून म्हणाला.

आईचे डोळे भरून आले. एक शब्द बोलायची सोय असती तर तिनं विचारलं असतं, हे कुणाच्या वाटणीचं म्हणून. पण ती बोलली असती तर उठावं लागलं असतं, आणि उष्टं झालेलं अन्न आता कुणाच्याच कामाचं नव्हतं. तिनं शेवटचा कण संपेपर्यंत खाल्लं. इतकं नाइलाजानं खाताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं, आणि अन्न तर चांगलं होतं. बाबा मला हळूच म्हणाले, "पाह्य, आनंदानं पानी आलं आईच्या डोळ्याले." इतकी पुस्तकं शिकवलेला माणूस, पण बायकोचा चेहरा काही वाचता आला नाही.

आईनं बाहेर जाऊन चूळ भरली आणि आमच्याकडे न येता सरळ स्वयंपाकघरात शिरली. मी मागं धावले. आत दोन मोठ्या चुली पेटल्या होत्या, धूर कोंडला होता, आणि गळ्यात तुळशीची माळ घातलेली एक वयस्कर विधवा बाई फुलके लाटत होती.

"बाई, ते तुमचं जेवन व्हतं ना?" आईनं विचारलं.

"नाही वं माय. हॉटेलचंच व्हतं."

"हॉटेलात कोनी चतकोर मोजते काय?"

बाई लाटता लाटता हसली. ती माळकरी होती, कांदा-लसूण कधीच खात नसे, म्हणून पहाटे आपल्यापुरतं वेगळं रांधून फडक्यात बांधून ठेवायची. चातुर्मासात एक वेळ जेवायची, पंगती सरल्यावर. मालकाला ऐनवेळी बाबांची आठवण झाली, दुसरं काही नव्हतं, त्यानं फडकं सोडलं. "त्यानं विचारलं मले, मी हाव म्हनलं," बाई म्हणाली. "पाहुनी बाई उपाशी जाईन त्याच्यापेक्षा बरं. एका दिसानं काय होते? उद्या जेवीन."

आईनं पदर खोचला. "ज्वारीचं पीठ कुठी हाय?"

बाई नको नको म्हणत राहिली. मालक आला, "बाई, तुमी पाहुन्या, हे काय करून राह्यल्या," म्हणाला. बाबा दारात येऊन उभे राहिले, "अवं, आपली मोटार निघून जाईन," म्हणाले. आईनं कुणाकडे पाहिलं नाही. एका चुलीवरचं पातेलं तिनं खाली उतरवलं, पीठ मळलं, भाकर थापली. थापतानाचा तो आवाज त्या गोंगाटातही मला ओळखू आला. पहिली भाकर निखाऱ्यावर टम्म फुगली तेव्हा तिनं बाईला अक्षरशः हाताला धरून खाली बसवलं आणि ताटात टाकली.

बाईनं भाकर मोडायला हात घातला आणि चटका बसून एकदम मागं घेतला. बोटं तोंडात धरून ती हसायला लागली. म्हातारी झाली तरी तिला गरम भाकर मोडायची सवय नव्हती. आई शेजारी उकिडवी बसली, दुसरी भाकर कधी टाकू म्हणून वाट पाहत. बाबा दारातून हे सगळं बघत होते. जे त्यांना आईसाठी पाहायचं होतं ते समोर घडत होतं, फक्त ताटावर दुसरीच बाई होती. मोटार निघून गेली होती.

पुढच्या मोटारीत बसल्यावर माझा राग उफाळून आला. करायला गेलो एक आणि झालं भलतंच. मी आईला म्हटलं, "तुह्यासाठी आलो आपन एवढ्या दूर. आन् तू त्या बाईले वाढत बसली. आता तुले कोन वाढन गरम?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, अगदी सहज. "तुले येते ना भाकर?" ती म्हणाली.

मला येत होती. दहाव्या वर्षापासून येत होती. दर महिन्याला ते चार दिवस आई पडवीत बाजूला बसायची तेव्हा घरातला सगळा स्वयंपाक मीच करत असे. आधी बाबांना आणि भावांना वाढायची, मग स्वतः जेवायची, मग उरलेलं ताटलीत घालून दुरून आईकडे सरकवायची. तसंच करायचं असतं, असं मला कुणीतरी सांगितलेलं होतं. कुणी ते मला आठवत नाही, बहुतेक तिनंच. मी खिडकीबाहेर बघत राहिले, आणि बाबाही. एवढा प्रवास करून आम्ही जे शोधायला गेलो होतो ते तिच्या शेजारच्या बाकावर बसलेलं होतं.

त्या महिन्यात ते दिवस आले. मी ठरवलं होतं. पहिली भाकर तव्यावरून उतरली तशी घेऊन पडवीत पळत गेले आणि आईच्या ताटलीत टाकली. बाबा आत पाटावर बसलेले होते, ताट समोर रिकामं. आईनं भाकरीकडे पाहिलं, मग आत पाहिलं, आणि ताटली माझ्याकडे सरकवली.

"आधी त्याईले वाढ," ती म्हणाली.

मी हट्ट करायला हवा होता. आज या वयात वाटतं, तिथंच पाय रोवून उभं राहायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं. तिच्याकडची भाकर चुलीपाशी न्यायची नसते म्हणून ती मी गाईला टाकली, आणि दुसरी थापून बाबांना वाढली. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी भाकर मोडली, वाफ आली, आणि ते जेवायला लागले.